वाळवंटाला जाण्याआधी

यंदा हजच्या सोडतीत माझं नाव निघालं. पुतण्याने मोबाइलवर बघून सांगितलं, तेव्हा मी कलमांखालचं गवत काढत होतो. म्हणाला, "चाचा, तयारीला लागा." आणि त्याने यादीच वाचून दाखवली. एहरामच्या दोन पांढऱ्या बिनशिवणीच्या चादरी, मेंदूज्वराची लस, पासपोर्ट, फोटो, बॅगेचं ठरलेलं वजन. खसखस अजिबात न्यायची नाही, मसाल्यातसुद्धा नाही. तिकडे ती अफूच्या खात्यात धरतात.

मी ऐकून घेतलं. पण मनात म्हटलं, ही झाली बॅगेची तयारी. आमच्या गावाला अरबांच्या वाळवंटात जाण्याची तयारी काही नवी नाही. तीन पिढ्या ती बघतोय. बॅग हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग.

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीला लागून. खाडीच्या तोंडाशी दाभोळ. आज दाभोळात गेलात तर फेरीबोट आणि मासळी एवढंच दिसेल. पण बहामनी आणि आदिलशाही अमलात ते पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. अरबस्तानातून घोडे इथे उतरायचे, इथून कापड आणि मसाला तिकडे जायचा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरला, तोही परत जाताना दाभोळलाच जहाजात बसला. मक्केला जाणारे यात्रेकरूही याच बंदरातून निघत.

दाभोळच्या धक्क्याजवळ दगडी घुमटाची जुनी मशीद आहे. तिला कुणी शाही मशीद म्हणतं, कुणी अंडा मशीद. तिच्याबद्दल आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. विजापूरची एक शाहजादी हजला जायला म्हणून लवाजम्यासकट दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांचा धोका होता, जाणं झालं नाही. मग हजसाठी आणलेल्या पैशात तिने ही मशीद बांधवली. गोष्ट कितपत खरी ते जाणकारांनी ठरवावं. आम्ही लहानपणी ऐकायचो तेव्हा एवढंच कळायचं, की एवढी मोठी शाहजादी, तिचीसुद्धा तयारी करून राहून गेली.

आमच्या घरातून पहिले गेले ते माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील. साल 1960. मी त्याच वर्षीचा जन्म, त्यामुळे पाहिलेलं काही नाही. जे सांगतोय ते दादीच्या तोंडचं. ती ही हकीकत इतक्या वेळा सांगायची की मधूनच कुठूनही सुरू केली तरी आम्हाला पुढचं पाठ होतं.

त्या वर्षी हज जूनच्या पहिल्या आठवड्यात येत होती. म्हणजे घर सोडायचं एप्रिल-मेमध्ये आणि परत यायचं भर पावसात. शेतकऱ्याला याहून अडचणीची वेळ नाही. राब भाजायचा, तरवा पेरायचा, लावणी करायची आणि घरचा कर्ता वाळवंटात. म्हणून दादांची तयारी आदल्या पावसाळ्यापासून सुरू झाली. भात झोडून झाल्यावर वर्षभराचं खाण्याचं कणगीत मोजून भरलं. बियाण्याचं वेगळं ठेवलं. बैल जोताला कोण धरील, लावणीला कुठल्या वाडीतली माणसं येतील, ते सगळं ठरवून घेतलं. आमच्यात नियमच तसा आहे. ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज. आणि ऐपत म्हणजे नुसतं भाडं नव्हे. आपण परत येईपर्यंत घरच्यांच्या पोटाची सोय झालेली पाहिजे आणि कुणाचं देणं डोक्यावर असता कामा नये.

देणं फेडायला दादांना चार महिने लागले. दुकानदाराची वही मिटवली. मजुरांची राहिलेली मजुरी दिली. एका बाईकडून कधीकाळी अर्धी पायली तांदूळ उसने आणले होते, ते तिच्या मुलाच्या घरी नेऊन दिले, कारण बाई मरून गेली होती.

शेवटी राहिला तो बांध. आमच्या खालच्या मळ्याला लागून एका कुणबी शेजाऱ्याचा मळा होता. मधला बांध आमच्या पणज्याच्या काळापासून सरकत सरकत हातभर त्याच्या बाजूला गेलेला. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. दर वर्षी बांध धरताना फावड्याने इकडची चार ढेकळं तिकडे, तेवढंच. कुणी भांडत नाही आणि कुणी विसरतही नाही. दादांनी काय केलं, एके दिवशी सकाळी दोघा मुलांना घेतलं आणि सबंध बांध खणून हातभर आपल्याकडे घेतला. शेजारी धावत आला, म्हणाला, "बाबा, ह्ये काय करताव?" दादा म्हणाले, "तुझा तुला देतोय. आता माफ कर."

दादी इथे थांबायची आणि आम्हाला विचारायची, "आदी काय केला? माफी मागली का बांद मागं घेतला?" आम्ही ओरडून सांगायचो, "बांद!" त्यातलं खरं वजन कळायला मला साठी उलटावी लागली.

त्यानंतर दादा घरोघर गेले. आमच्या मोहल्ल्यात, कुणबीवाडीत, भंडारवाडीत. चुकलं-माकलं माफ करा म्हणाले. वाळवंटाच्या वाटेवरून माणूस परत येईलच असा भरवसा त्या काळी कुणी धरत नसे. कफनाचं कापड लोक सोबत घेऊन जात.

दाभोळहून मुंबईला तेव्हा आगबोट होती. पडावात बसून मोठ्या बोटीपर्यंत जायचं आणि वर चढायचं. गाव धक्क्यावर पोचवायला गेलं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना, तिथे मुक्काम. देवी आणि पटकीची टोचणी, तिचा दाखला, पिल्ग्रिम पास, बोटीचं तिकीट, असे सोपस्कार. जेद्दाला जाणारी बोट मुघल लाइनची, नाव मोहम्मदी. या कंपनीच्या बोटींची नावंच अशी होती, इस्लामी, अकबर, नूरजहान. मुंबई ते जेद्दा आठ-दहा दिवस. त्याआधीच्या पिढीला तर वाटेत लाल समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून साथीच्या रोगासाठी अडकवून ठेवायचे. दादांच्या वेळी तो जाच संपला होता. यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा व्हायचा आणि सगळे यात्रेकरू एहराम बांधायचे. डेकवर एकदम सगळं पांढरं. श्रीमंत कोण, गरीब कोण, काही कळायचं नाही, असं दादा सांगत.

पैशाचाही एक किस्सा आहे. आपला रुपया त्या काळी आखाताच्या किनाऱ्यावर सर्रास चालायचा. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात वाढली म्हणून 1959 मध्ये आपल्या सरकारने तिकडच्यासाठी वेगळा रुपया काढला, आणि हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभराच्या खास नोटा. त्या इथल्या बाजारात चालायच्या नाहीत. दादांनी परत येताना त्यातली एक दहाची नोट तशीच आणली होती. दादीने ती कित्येक वर्षं कुराण शरीफच्या रुमालात जपली. पुढे वाळवीने खाल्ली.

दादा आषाढात परतले, एस. टी.ने, कारण पावसाळ्यात बोटी बंद. सोबत झमझमचं पाणी आणि खजूर. मळ्यात लावणी झालेली होती. शेजाऱ्याने स्वतः चार दिवस येऊन चिखलणी करून दिलेली. बांधाचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

आता दुसरी तयारी सांगतो. ती माझी.

खाडीकाठच्या मुसलमानांचा समुद्राशी जुना संबंध. पुष्कळ लोक बोटीवर खलाशी होते. एडन, बसरा ही नावं आम्हाला पुस्तकातून कळली नाहीत, चुलत्या-मामांच्या तोंडून कळली. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले, आखातात पैसा आला आणि रस्ते, इमारती बांधायला माणसं लागू लागली. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून लोक निघाले ते निघालेच. आधी मुसलमान मोहल्ल्यांतले, मागोमाग सगळ्या जातींचे. मी दहावी होऊन शेती करत होतो. भात घरापुरतं, आंबा चार झाडांचा. 1986 मध्ये मीही ठरवलं, कुवेतला जायचं.

मला शेतीशिवाय काही येत नव्हतं. म्हणून आधी तीन महिने चिपळूणला एका गवंड्याच्या हाताखाली राहिलो. वीट रचायला, ओळंबा धरायला शिकलो, कारण मुंबईत एजंटाकडे कामाची परीक्षा व्हायची. पासपोर्टसाठी पोलीस पाटलापासून तालुक्यापर्यंत खेटे झाले. मुंबईत आमच्या गावच्या जमातीची खोली होती. तिथे पंधरा-वीस जण वळकट्या टाकून असायचे. कुणी पासपोर्टच्या वाटेवर, कुणी व्हिसाच्या, कुणी विमानाच्या. मेडिकलला छातीचा फोटो, रक्त, लघवी. कुणाच्या फुप्फुसावर जुना डाग निघाला की तो रात्री खोलीत कुणाशी बोलायचा नाही आणि सकाळी गावची एस. टी. धरायचा. 1983 च्या कायद्याप्रमाणे कमी शिकलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीला जाण्याच्या परवानगीचा शिक्का लागे. तो आणायचं काम एजंटाचं. आज दहावी पास माणसाला ती अट नाही.

करारनामा अरबीत होता. मी तो घेऊन गावच्या मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी अक्षरं खडाखडा वाचली, पण अर्थ सांगता येईना. कुराणाची अरबी गावाला येत होती, कराराची येत नव्हती. कागदावर मी गवंडी नसून साधा मजूर आहे आणि पगार सांगितला त्याच्या जवळजवळ निम्मा आहे, हे मला कुवेतला उतरल्यावर कळलं.

सामानाची तयारी मात्र पक्की होती. आईने कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट, लोणचं, फणसपोळी बांधून दिली. गावच्या तिकडच्या माणसांसाठी लोकांनी पत्रं आणि आवाज भरलेल्या कॅसेटी दिल्या. एका म्हाताऱ्या खलाशाने मला गोधडी घ्यायला लावली. मी हसलो, वाळवंटात गोधडी कशाला? तो म्हणाला, घे. जानेवारीत कुवेतच्या रात्री बाहेरच्या वाऱ्याने दात वाजू लागले तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण आली.

पण या सगळ्याला पैसा लागला, आणि तो कुठून आला ते सांगायला हवं. एजंटाला द्यायला आमच्याकडे रक्कम नव्हती. माझी मोठी बहीण, आपा, लग्न होऊन खेड तालुक्यात दिलेली. तिने आपल्या हातातल्या पाटल्या काढून दिल्या. चार तोळे. तेव्हा सोनं तोळ्याला दोन-सव्वादोन हजार होतं. त्या सराफाकडे गहाण टाकल्या आणि वरचे पैसे व्याजाने काढले. मी आपाला म्हटलं, "दोन वर्षांत सोडवून देतो."

म्हणजे बघा, जायचं त्याच मुलखाकडे. पण दादा निघाले ते सगळं फेडून, मी निघालो ते कर्ज काढून. दादांनी घरात वर्षाचं धान्य भरून ठेवलं, मी घरातलं सोनं बाहेर काढलं. त्या काळी मोहल्ल्यात माझ्यासारखी कितीतरी पोरं होती. विमानात बसणारा प्रत्येक जण सहारवर हसतमुखाने हात हलवायचा आणि त्याच्या मागे कुणाची तरी पाटली, कुणाचा तरी सातबारा गहाण पडलेला असायचा.

पहिल्या वर्षीचा पगार व्याजात आणि वडिलांच्या आजारात गेला. दुसऱ्या वर्षी घराला चिऱ्याच्या भिंती आणि स्लॅब घातला, कारण आखातातल्या माणसाचं घर कौलारू राहिलं तर लोक विचारतात. तिसऱ्या वर्षी माझं लग्न. पाटल्या दर वेळी पुढच्या वर्षावर.

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. बँका बंद, कंपनीचा मालक पसार, चार महिन्यांचा पगार बुडाला. दिनाराची किंमत कागदाएवढी झाली. आम्ही बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनची हद्द गाठली. वाळवंटातल्या छावणीत दिवस काढले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी आम्हाला उचललं. साधारण दोन महिन्यांत 1,70,000 च्या वर भारतीय असे परत आणले, असं नंतर वाचलं. मी मुंबईत उतरलो तेव्हा हातात एक पिशवी होती, आणि त्या पिशवीत ती गोधडी. आल्यावर सराफाकडे गेलो. व्याज सोन्याच्या वर गेलं होतं. पाटल्या बुडाल्या.

आपा काही बोलली नाही. "जीव वाचला, बस झाला," म्हणाली.

इथपर्यंत माझी कहाणी सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. युद्धावर खापर फोडता येतं. पुढचं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून कुवेत सोडून आलेल्यांना भरपाई मिळाली. एकट्या माणसाला अडीच किंवा चार हजार डॉलर ठरलेले. मला चार हजार मिळाले. तेव्हाच्या हिशेबात लाखाच्या वर. त्या पैशात आपाच्या पाटल्या सहज झाल्या असत्या. मी त्याची हापूसची चाळीस कलमं लावली, विहीर पाडली, गडगा घातला. मनाची समजूत घातली की कलमं धरली की पहिल्या आंब्याचे पैसे आपाला. कलमं धरली. मग मुलांची शिक्षणं आली, मग तुडतुडा, मग अवकाळी, मग वादळ. शेतकऱ्याला कारणं कधी कमी पडत नाहीत. आणि आपा कधी मागत नव्हती. दर वर्षी मी तिला दोन पेट्या आंबा पाठवायचो आणि त्यातच मनाला बरं वाटवून घ्यायचो.

बांध असाच सरकतो.

सोडतीत नाव निघाल्यावर पंधरा दिवस मी बाकीची तयारी केली. 2024 च्या हजला मक्केत पारा पन्नाशीच्या वर गेला होता, 1,300 च्या वर यात्रेकरू दगावले. म्हणून भर दुपारी छत्री घेऊन दोन-दोन कोस चालायला लागलो. चपला मुरवल्या. बोटीची वाट 1995 पासून बंदच आहे. आता मुंबईहून विमानात बसलं की काही तासांत जेद्दा. दादांचे दहा दिवस वाचले. पण देणीघेणी आठवायला ते दहा दिवस उपयोगी पडत असतील असं वाटतं.

सोळाव्या दिवशी खेडची गाडी धरली. आपा आता पंचाहत्तरीची, विधवा, डोळ्याला कमी दिसतं. मी चहा घेता घेता म्हटलं, "आपा, हजला नाव लागलंय. तुझ्या पाटल्यांचं राहिलंय."

ती म्हणाली, "मी कवाच माफ केलाय. तू जा."

मी सहज विचारलं, "चारच तोळे होत्या ना?"

"चार तोले," ती म्हणाली, "कडंना गव्हाच्या दान्यांची नक्षी हुती. एकीचा दाना झिजलेला, डाव्या हातातलीचा." आणि तिने आपल्या डाव्या मनगटावर बोट फिरवून ती जागा दाखवली.

मला पुढे चहा गेला नाही. माफ केलं होतं, ते खरंच होतं. पण अडतीस वर्षं तिचा हात ती पाटली विसरला नव्हता.

माझ्याकडे साठवलेले पावणेचार लाख. हजला खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. चार तोळे सोन्याला तेव्हा तीन लाखांच्या वर. दोन्ही एकदम होणार नाही, हे गणित दहावी पास माणसालाही येतं. घरी मुलगा म्हणाला, "अब्बा, तिने माफ केलंय तर प्रश्न कुठे येतो? तुमचं वय झालंय, पुढच्या वर्षी नाव निघेल कशावरून?" त्याचंही चूक नव्हतं. मौलवीसाहेबांनीही सांगितलं, देणेकऱ्याला घेणेकऱ्याने मोकळं केलं तर तो मोकळा.

पण मला दादीचा प्रश्न आठवत होता. आधी काय केलं? शेजाऱ्याने दादांना तोंडी माफ केलंच असतं. हातभर जमिनीसाठी हजला निघालेल्या माणसाला नाही कोण म्हणतं? दादांनी त्याच्यावर ती वेळच येऊ दिली नाही.

पहिला हप्ता भरायची मुदत संपायच्या आत मी नाव मागे घेतलं. पुतण्या नाराज झाला. मग चिपळूणला जाऊन चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या. गव्हाच्या दाण्यांची नक्षी सोनाराला कागदावर काढून दाखवावी लागली. आता तशी कुणी मागत नाही म्हणाला.

आपाने त्या हातात घातल्या नाहीत. या वयात शोभत नाहीत म्हणे. नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी मोडेन म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या आहेत, तू मोड नाहीतर घाल." तिने त्या हाताने चाचपून बघितल्या, दाणे मोजले आणि रुमालात बांधल्या. मग म्हणाली, "आता जा. आता मी दुवा करतंय."

पुढच्या सोडतीला पुन्हा अर्ज करीन. नाव निघालं तर निघालं. दाभोळच्या शाहजादीचंही राहूनच गेलं होतं. दुपारचं चालणं मात्र सोडलेलं नाही. आणि चालताना आमच्या खालच्या मळ्यावरून जातो, तेव्हा दादांनी मागे घेतलेला तो बांध अजून तिथेच आहे.